तिसऱ्या ओळीतली शांतता

शुक्रवार म्हणजे माझा नव्या अल्बमांचा दिवस. दुकान उघडलं की आधी कानात हेडफोन, मग मशीनवर हात. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, आणि या आठवड्यात कुठल्या पोरापोरींच्या बँडनं काय नवीन काढलंय ते ऐकायचं. संध्याकाळी जेमतेम चार डोकी मावतील अशा एखाद्या हॉलमध्ये उभं राहून तेच पुन्हा ऐकायचं. या वयात काय हे थेर, असं शेजारचा चावीवाला म्हणतो. म्हणू दे. त्याच्या बापाचं काय जातं?

एकाच संध्याकाळी दोन गिग, म्हणजे बँडचे कार्यक्रम, आले, तर माझा नियम साधा आहे. जिथे कमी लोक येणार तिथे जायचं. गर्दीचं माझ्यावाचून काही अडत नाही. या नियमानं आजवर मला कधी दगा दिला नव्हता. पण यावेळी दोन्हीकडे माझेच भाऊ होते.

मधला आणि धाकटा आधी एकाच बँडमध्ये होते. मग पुढे उभं राहून कोण गाणार यावरून फाटलं. इतकं फाटलं, की दोघांनी वेगवेगळे अल्बम केले आणि एकाच शुक्रवारी बाहेर काढले. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मधल्यानं कार्यक्रमाला हॉल घेतला, तर धाकट्यानं मुद्दाम त्याच वेळेला रस्त्यापलीकडचा हॉल घेतला. लहानपणी एका चेंडूवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचे, त्यातलाच प्रकार. केस पिकायला लागले, अक्कल तेवढी आली नाही.

त्या शुक्रवारी मी दोघांचे अल्बम ऐकायला घेतले. मधल्याचं एक गाणं लागलं आणि माझा पाय मशीनवरून निघाला. ती चाल माझी होती. वर शब्द त्याचे, बडबडीचे, पण खाली चाल माझी. म्हटलं, धाकट्याचं तरी बघू. तिथे तीच चाल, शब्दांशिवाय, नुसती गिटारवर. आणि संगीतकार म्हणून दोन्हीकडे ज्याचं त्याचं नाव. मेले, एका माळेचे मणी!

माझी कशी, ते सांगते. आमची आई रात्रभर इस्पितळाच्या लाँड्रीत राबायची आणि दिवसा आतल्या खोलीत झोपायची. बाहेरच्या खोलीत मी मशीनवर, आणि टेबलाखाली हे दोघं अभ्यासाच्या नावानं लोळत पडलेले. मशीनचा खडखडाट आईला चालायचा, त्यावर घर चालत होतं. गाणं मात्र चालायचं नाही. सूर जरा वर गेला की आतून आवाज यायचा, "बंद कर ती कटकट!" म्हणून मी तोंड मिटून गुणगुणायचे. रोज तीच चाल, रोज थोडी सुधारून.

पँटच्या एका पायाला गोल टीप मारून होईपर्यंत दोन ओळी आणि वर अर्धी व्हायची. मग पँटचा दुसरा पाय सुईखाली घ्यायचा. शिवणीवर शिवण नेमकी बसावी म्हणून मी तेवढा वेळ श्वास रोखून धरायचे. श्वासच नाही तर गुणगुण कुठून येणार? मनातल्या मनात चाल पुढे चालूच असायची, पण कानाला ऐकू यायची ती एकदम चौथ्या ओळीपासून. टेबलाखालच्या दोन गाढवांनी तेवढीच ऐकली. त्यांना वाटलं, चालच तशी आहे.

आता दोन्ही अल्बमांत तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सगळं एकदम गप्प होतं. इंटरनेटवर कुणा शहाण्यानं लिहिलं होतं, "तिसऱ्या ओळीतली ती धाडसी शांतता अंगावर येते." मी आधी खो खो हसले. मग इतका संताप आला, की हातातली कात्री भिंतीवर फेकली.

मधल्याचा फोन आला. "ताई, शनिवारी तू माझ्याकडे पुढच्या रांगेत पाहिजेस. त्यानं माझी चाल ढापलीय. घरची माणसं कुणाच्या बाजूनं आहेत ते दिसू दे लोकांना."

"तुझी चाल?" मी विचारलं.

"मग कुणाची?" त्यानं खरंच विचारलं. त्याला आठवतही नव्हतं! मी फोन ठेवून दिला.

धाकटा दुकानात आला. येताना पँट आखूड करायला घेऊन आला, फुकट. मी टाचण्या लावता लावता सरळ विचारलं, "ती चाल कुणाची रे?"

तो खाली बघत म्हणाला, "तुझी. मला माहितीय, ताई. नाव टाकताना चुकलं माझं. पण शनिवारी मी स्टेजवरून सांगणार. सगळ्यांसमोर. तू फक्त ये."

काय सांगू, मला रडू फुटलं. आजवर माझ्या शिवणीचंसुद्धा कुणी नाव काढलं नव्हतं. तिथल्या तिथे ठरलं. नियम गेला खड्ड्यात. मला माझं नाव ऐकायचं होतं.

शनिवारी दुकान लवकर बंद केलं. ठेवणीतला निळा ड्रेस घातला, लिपस्टिकसुद्धा लावली. चावीवाला म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "आहे!" रस्ता ओलांडताना मधल्याच्या हॉलकडे मान वळवूनही बघितलं नाही.

धाकट्यानं चांगलं वाजवलं, उगाच कशाला खोटं बोलू? मग गिटार जुळवत तो माइकशी आला. "आज दुपारी माझ्या भावाचा फोन आला. आम्ही दोघं खूप रडलो. भांडण मिटलं आमचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "हे गाणं त्याचंही नाही आणि माझंही नाही."

उभी राहू की बसून राहू, कळेना. मी खुर्चीवरून अर्धवट उठलेसुद्धा.

"हे आमच्या आईचं आहे. आम्हाला झोपवताना ती हे गुणगुणायची. ती आता नाही. या क्षणी समोरच्या हॉलमध्ये दादाही हेच सांगतोय."

पुढच्या बाईनं डोळ्याला रुमाल लावला. मी तशीच अर्धवट उभी. आई! जिला गाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही, ती आई! या दोघांना एकमेकांच्या गळ्यात पडायला कुणीतरी मधे हवं होतं, आणि मेलेलं माणूस बरं, ते हिस्सा मागत नाही.

गिटार सुरू झाली. पहिली ओळ, दुसरी, तिसरीचा अर्धा. मग ती शांतता. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. मी रोखला नाही. जे इतकी वर्षं मनातच राहिलं होतं ते मी तोंड उघडून गायले, मोकळ्या गळ्यानं, थेट चौथ्या ओळीच्या दारापर्यंत.

"अहो, श्श!" मागचा तरुण वैतागून म्हणाला. "तीच तर खरी जागा आहे!"

धाकट्याचा हात तारांवर अडखळला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच माइकमध्ये हसला. "माझी ताई आहे ती. गाण्यातलं कळत नाही, पण हौस दांडगी." लोक हसले. प्रेमानंच हसले, त्यांचा काय दोष? मी खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या पॅसेजमध्ये तो धावत आला. घामाघूम झाला होता. मला वाटलं, माफी मागेल.

"रागावू नकोस ना, ताई. वकील म्हणाला, दोघांत मिटवायचं तर हाच मार्ग आहे. आणि घरातल्या घरातच तर आहे सगळं!" मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "ते मधलं काय गायलीस गं तू? काय भारी बसतंय! मला नाही सुचलं, दादालाही नाही." त्यानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. "परत एकदा म्हण ना. पुढच्या अल्बमला घेऊ."

"आईला विचार," मी म्हटलं, आणि जिन्याकडे वळले.