उजवीकडची सावली

प्रदर्शनासाठी चित्र निवडायला आत्याबाई भाचीच्या खोलीवर आल्या आणि पहिल्याच चित्रापाशी त्यांची मान अभिमानाने ताठ झाली. तीच जाड रेघ, तोच मातकट रंग. जणू त्यांनीच काढलेली किटली. जन्मभर चित्रं काढणाऱ्या बाईला याहून मोठी पावती कोणती?

मग त्यांचं लक्ष मेजावरच्या खऱ्या किटलीकडे गेलं.

"हिची सावली डावीकडे पडली आहे. चित्रात उजवीकडे कशी?"

"तुमच्या चित्रांत उजवीकडेच असते ना, आत्या."

"अगं, माझी खिडकी डाव्या हाताला आहे म्हणून. माझी नक्कल करताना सूर्यालाही कामाला जुंपलंस की."

भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे हे पाठवायचं नाही?"

'पाठव' म्हणणं सोपं होतं. चित्र पाहून लोकांनी आत्याबाईंचंच नाव घेतलं असतं. त्यांनी मोह आवरला.

"कौतुक माझं होईल, आणि माझं पुष्कळ झालं आहे. रेघ खुशाल माझी घे. मीही माझ्या गुरूंची उचलली. उजेड मात्र आपल्या खिडकीचा हवा. बस."

भाचीने नवा कागद ताणला. किटलीकडे बराच वेळ पाहून तिने ब्रश उचलला, तो आत्यांना न विचारता. आत्याबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आयुष्यात प्रथमच, कटाक्षाने, गप्प राहिल्या.