पाणी कुठं जायला पाहिजे?

मी एक जुनी पाणसळ आहे. सागाचं अंग, पितळी टोकं, पोटात काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. तो काही केल्या स्वस्थ बसत नाही. पूर्णा स्टेशनातून गाडी सुटली की आमच्या कॉलेजातलं कपाट हलतं, आणि आत तो थरथरतो.

मित्रांनो, मी आधी गवंड्याच्या हातात राबले, मग इथं बांधकाम शिकवायला आले. सिताराम सर मला मुलांच्या फरशीवर टेकवायचे. बुडबुडा मधोमध आला की पूर्ण गुण. किती कौतुक व्हायचं माझं! त्याच मुलांनी कार्यशाळेमागची मोरी बांधली. बुडबुडा अगदी मधोमध. पण पाणी जागचं हललं नाही. साबणाचा फेस तिथंच, डासही तिथंच. कपाटात पडल्या पडल्या मला वाटायचं, हे माझ्यामुळंच झालं.

यंदा वैदेही मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या मोरीत बादली ओतली.

"हे पाणी कुठं जायला पाहिजे?"

"जाळीकडं," पालमची निकिता म्हणाली. "पण ते तर रुसून बसलंय, मॅडम."

मॅडमनी फळ्याच्या अगदी तळाशी लिहिलं, 'पाणी जाळीकडं गेलं पाहिजे.' मग तिथून वर वर लिहीत गेल्या. त्यासाठी काय बांधून बघायचं, त्याआधी काय यायला पाहिजे, आणि सगळ्यात वर, आज काय शिकायचं. अख्ख्या वर्षाचा अभ्यास असा शेवटाकडून आखला.

"मॅडम, तुमी पुस्तक उलटं वाचायलाव," सिताराम सर हसले.

परीक्षेला निकितानं मोरी बांधली. तपासायला सरच होते. त्यांनी मला टेकवलं. बुडबुडा उंच बाजूला, भिंतीकडं सरकला आणि तिथंच थांबला.

"चुकलं," सर म्हणाले.

नापास झाली तर पोरीचं वर्ष जाणार होतं. माझा जीव खालीवर.

"सर, एक बादली ओतू द्या," निकिता म्हणाली.

"बादलीला गुण न्हाईत, बाई."

"मग मोरी कशाला हाय, सर?"

सर बाजूला सरकले. तिनं बादली ओतली. पाणी क्षणभर थबकलं, वळलं, आणि गुणगुणत जाळीत उतरलं. सर उकिडवे बसले. कोरड्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. कागदावर पूर्ण गुण लिहिले आणि मला उचलून थेट मागच्या जुन्या मोरीपाशी गेले.

"ही माझ्या हातून पास झालेली हाय," ते म्हणाले. "उद्या घमेली आणा. फोडायची."

मित्रांनो, मला पुसून, जपून ठेवा. पण टेकवण्याआधी एकदा विचारा, पाणी कुठं जायचंय? मग माझा बुडबुडा कुठंही थांबू दे.