लिफ्ट कंपनीचे पशुधन

कंपनी लिफ्ट बनवते, बसवते आणि बसवल्यानंतर पहिली दोन वर्षे फुकट सांभाळते. सगळे सुरू झाले ते या 'फुकट' शब्दापासून.

जुन्या धोरणानुसार ग्राहकाने ताबापावतीवर सही केली की लिफ्टची पूर्ण किंमत त्या दिवसाचे उत्पन्न ठरत असे. पुढच्या दोन वर्षांत कारागीर कितीही वेळा तेलपाणी करून आला तरी हिशेबाच्या दृष्टीने तो हवा खायला आलेला असे. हे धोरण वरिष्ठ लेखापालाने लिहिले होते. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत बारीक अक्षरांत छापले जाणारे लेखाधोरणांचे सगळे टिपणच त्याचे होते, आणि ते दर वर्षी शब्दही न बदलता छापले जाई. ते कोणी वाचते याचा पुरावा त्याच्याकडे नव्हता. वाचत नाही याचाही नव्हता, आणि एवढ्यावर त्याचे समाधान होते.

मग हिशेबाचे नवे मानक आले. जगात कोणी कोणाला काही फुकट देत नाही, हे त्याचे गृहीतक. लिफ्टच्या किमतीतच दोन वर्षांच्या देखभालीची किंमत दडलेली असते. ती वेगळी काढायची, आणि देखभाल जसजशी होईल तसतशी उत्पन्नात घ्यायची. मागच्या वर्षाचे आकडेही याच नियमाने पुन्हा मांडायचे. टिपण मुळापासून नव्याने लिहावे लागणार होते, आणि ते काम वित्तप्रमुखांनी लेखापालाला न देता त्याच्या मेहुणीला दिले.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. कंपनीत तिची शिफारस त्यानेच केली होती. तेव्हा ती नुकतीच परीक्षा उत्तीर्ण झालेली होती आणि घरी आली की भाऊजींना शंका विचारीत असे; शंका विचारणारे माणूस कोणाला आवडत नाही? आता लोक तिला शंका विचारीत होते. पत्र्याच्या गोदामाचा व्यवस्थापक, जो इतकी वर्षे लेखापालासमोर नुसती मान डोलवीत आला होता, तिच्याकडून बाहेर पडताना जिन्यावर कोणाला तरी सांगत होता की आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. लेखापालाने ते ऐकले. त्या मान डोलावण्याचा अर्थ आजवर आपण काय लावत होतो, याचा त्याने मनाशी फेरविचार केला, आणि निष्कर्ष त्याला आवडला नाही.

वित्तप्रमुख वर्षाअखेरीस निवृत्त होणार होते. नवी धोरणे जो लेखासमितीपुढे मांडेल तोच त्यांच्या खुर्चीत बसेल, हे कोणी बोलले नव्हते आणि सगळ्यांना माहीत होते. ती खुर्ची आपली आहे असे लेखापाल इतकी वर्षे धरून चालला होता की मधली वाट पाहणे त्याला केवळ औपचारिकता वाटे. वित्तप्रमुखांनी त्याची समजूतही काढली. मसुदा तिने करावा, तपासणी त्याने करावी. त्याची नजर एकदा मसुद्यावरून फिरली की त्यांना झोप लागेल, असे ते म्हणाले. पोराला परीक्षेला न बसवता पेपर तपासायला बसवावे तसा हा मान होता.

घरीही हवापालट नव्हता. जेवताना बायको धाकटीच्या कौतुकाचा पाढा सुरू करी, आणि तो मानकातल्या त्रुटी सांगू लागला की ताटात बघत राही. एकदा मात्र तिने सरळ सांगितले.

"छोटी बोलली की कळतं. तुम्ही बोललात की पटतं, पण कळत नाही."

"पटतं आणि कळत नाही, हे शक्य आहे का?"

"पंधरा वर्षं तेच करतेय की मी," बायको म्हणाली आणि भात वाढायला उठली.

मसुदा हाती आला तेव्हा त्याने तो एका स्पष्ट अपेक्षेने वाचायला घेतला: यात चूक आहे. अपेक्षा आधी आणि वाचन नंतर, ही पद्धत सदोष आहे हे त्याला ठाऊक होते. इतरांच्या बाबतीत त्याने ती अनेकदा दाखवूनही दिली होती. त्याने बेरजा पुन्हा केल्या. लिफ्टची आणि देखभालीची किंमत वेगळी करण्याची रीत उलटी चालवून पाहिली. मागच्या वर्षाचे फिरवलेले आकडे जुन्या आकड्यांशी जुळवले. सगळे जुळत होते. वाक्ये आखूड होती. एखाद्या ग्राहकालाही समजतील अशी होती, आणि याला तो मनातल्या मनात उथळपणा म्हणत होता.

शेवटच्या पानावर मात्र त्याला एकदम बरे वाटले. तिथले गद्य भारदस्त होते. एकेका वाक्यात दोन-दोन अर्धविराम होते. अर्धे पान वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की हे आपलेच आहे. 'इतर धोरणे' हा विभाग तिने जसाच्या तसा ठेवला होता, आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'हे भाऊजींचं. याला हात लावायची गरज नाही.'

मग त्याने तो विभाग खरोखर वाचला. तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की जिवंत जनावरे व फळझाडे यांचे मूल्यमापन दर वर्षअखेरीस वाजवी मूल्याने, अपेक्षित विक्रीखर्च वजा करून, केले जाते.

कंपनीकडे जनावरे नव्हती. गोदामात एक मांजर येत असे, पण ते ताळेबंदात नव्हते. पहिल्यांदा टिपण रचताना त्याने नमुन्यादाखल कुठल्याशा शेतीमालाच्या कंपनीचे टिपण समोर ठेवले होते, आणि त्यातला हा एक परिच्छेद छाटायचा राहून गेला होता. तेव्हापासून लिफ्ट बनवणारी कंपनी दर वर्षी आपल्या गुरांचे मोल कसे करते हे जाहीर करीत आली होती, आणि लेखापरीक्षकांनी दर वर्षी त्याखाली सही केली होती. मेहुणीनेही ते वाचले नव्हते. तिने विश्वास ठेवला होता. तपासणीच्या शास्त्रात या दोहोंत फरक करत नाहीत.

एक रेघ ओढली असती तर काम झाले असते. त्याने पेन उचललेही. पण मसुद्यावर नाव तिचे होते, या वर्षी लेखापरीक्षक नवे होते आणि ते वाचणारे आहेत असे ऐकिवात होते. त्याने पेन्सिलीची ओळ खोडरबराने पुसली, पहिल्या पानावर 'तपासले' असे लिहिले आणि सही केली.

समितीची बैठक काचेच्या भिंतींच्या खोलीत झाली. मेहुणीने नवे धोरण मांडले, प्रश्नांना उत्तरे दिली, आणि समितीच्या अध्यक्षबाईंनी दोनदा मान डोलावली. हे डोलावणे कळल्याचे आहे की न कळल्याचे, हे लेखापाल ताडून पाहत होता. ते कळल्याचे होते. तेवढ्यात नव्या लेखापरीक्षकाने शेवटचे पान उघडले आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचला.

"एकच शंका आहे, मॅडम," तो म्हणाला. "गुरं कुठे बांधता? लिफ्टमध्ये?"

सगळे हसले. मेहुणीचा चेहरा पडला. तिने पान पाहिले, मग एकदा लेखापालाकडे पाहिले. आता ती आपले नाव घेणार, हे त्याने गृहीत धरले होते आणि उत्तरही तयार ठेवले होते: मसुदा ज्याचा, जबाबदारी त्याची.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "शेवटचं पान मी वाचलंच नाही. वाचायला हवं होतं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत या टेबलाशी कोणी असे सरळ बोलल्याचे आठवत नाही, असे काहीसे त्या म्हणाल्या. लेखापरीक्षकही खजील झाल्यासारखा दिसला. लेखापालाने सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या होत्या. दोषच तिला शोभून दिसेल, ही त्यांत नव्हती. तिने त्याची सगळी पाने घेतली होती. आता उरलेले एक, तेही चुकीचे, तिच्या नावावर जमा होत होते, आणि वर तिचे कौतुक होत होते.

"तो परिच्छेद माझा आहे," तो म्हणाला. दुसऱ्याच्या हातात आपली छत्री दिसावी तसा त्याचा स्वर होता.

अध्यक्षबाईंनी पहिले पान उलटून त्याची सही पाहिली.

"मग तपासताना तो तुम्हांला दिसला नाही, की दिसूनही राहू दिलात?"

पहिल्या उत्तराने तो निष्काळजी ठरत होता, दुसऱ्याने त्याहून वाईट. त्याने क्षणभर दोन्ही तोलून पाहिली. पण 'दिसला नाही' म्हटले असते तर तो आणि ती एकाच चुकीचे भागीदार झाले असते, आणि तिच्याबरोबर वाटून घेण्याइतके त्याच्याजवळ आता काही उरले नव्हते.

"दिसला होता," तो म्हणाला.

त्यानंतर कोणी हसले नाही. परिच्छेद वगळून धोरणे मंजूर झाली. खुर्चीविषयी एक शब्दही निघाला नाही, पण खोलीतून बाहेर पडताना वित्तप्रमुख मेहुणीसाठी दार धरून उभे राहिले आणि ती गेल्यावर त्यांनी ते सोडून दिले.

ती त्याच्यासाठी जिन्यापाशी थांबली होती. रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

"भाऊजी, मी ताईला काही सांगणार नाही," ती म्हणाली आणि खाली उतरली.

हेही मोठेपण तिच्याच पदरात. संध्याकाळी घरी पोचताच, बूटही न काढता, त्याने बायकोला सगळे सांगितले: गुरे, खोडरबर, सही. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना तिने एकच घडी मोडून पुन्हा घातली.

"छोटी काय म्हणाली?"

"तुला सांगणार नाही म्हणाली."

"मग तुम्ही का सांगितलंत?"

त्याने बूट काढायला घेतले. तेवढ्यात फोन वाजला. छोटीचे नाव बघून बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटले. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दोघींपैकी एक तरी हसली, फोनमधली की खोलीतली, ते कळेना. कशावर हसली हेही दारापलीकडून निश्चित सांगता येत नव्हते. हाती होता तो पुरावा कोणताही निष्कर्ष काढायला अपुरा होता. एका पायात बूट, अशा स्थितीत तो दाराजवळ सरकला आणि श्वास रोखून उभा राहिला.