बोरिनाची जुडी

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रांगेलच्या गवताच्या कोठाराने पेट घेतला. सातपर्यंत छप्पर कोसळलं. माणसाला, जनावराला इजा झाली नाही. नऊ वाजता हवालदार पेन्चेव्ह मागच्या भिंतीपाशी वाकला आणि अर्धवट जळालेली एक वीतभर काडी त्याने चिमट्याने उचलली.

कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या स्तोयनाने ती पंधरा पावलांवरून ओळखली.

"हे लाकूड कसलं?" हवालदाराने विचारलं. तो सपाटीवरचा, डोंगरात येऊन त्याला दोनच महिने झाले होते.

"लाकूड चुलीत जळतं, साहेब," रांगेल म्हणाला. "ही बोरिना. ही लाकडाला जाळते."

जुन्या पाइनच्या बुंध्यात राळ साकळते आणि लाकूड मधासारखं लाल होतं. त्याच्या चिरलेल्या काड्या म्हणजे बोरिना. ती गावातल्या प्रत्येक चुलीमागे असते. ज्याचं डोकं चटकन तापतं, त्यालाही गाव याच नावाने हाक मारतं.

"हिचा मुलगा वेलीनपण बोरिनाच," रांगेल स्तोयनाकडे बघत म्हणाला. "शनिवारी गुत्त्यात म्हणाला, कुरणाचा बांध सोड, नाहीतर हिवाळ्यात तुझ्या गाई काय खातात बघतो."

"दोन पेले झाले की तू अख्खा डोंगर विकत घेतोस, ते कुणी धरून बसतं का?" स्तोयना म्हणाली. "आणि तीन आठवड्यांपूर्वी गवत ओलंच आत भरलंस, ते सांग की. ओलं गवत आतून तापून पेटतं."

"पेटतं. पण काडी बरोबर घेऊन येत नाही."

काडीचं शाबूत टोक तिरकं छाटलेलं होतं. तसं छाटायला स्तोयनाला तिच्या नवऱ्याने शिकवलं होतं. तो गेल्यावर गावात एवढी मेहनत दुसरं कुणी घेत नव्हतं. तिने मागच्या शरदात दोन घरी जुड्या दिल्या होत्या. एक मुलाला आणि बांधाचं भांडण व्हायच्या आधी एक रांगेलला.

ती तशीच वेलीनच्या घरी गेली. तो कॉफी पीत होता. केस ओले होते.

"एवढ्या सकाळी अंघोळ?"

"आता अंघोळीचाही पंचनामा का, आई?"

जुडी खिळ्याला टांगलेली होती.

"वापरली नाहीस?"

"मला गॅस आहे. तू दिलीस तशी टांगलीय, हातसुद्धा लावला नाही."

जुडी भरलेली दिसत होती. पण स्तोयना डावखुरी. तिची गाठ उलटी बसते. ही गाठ सुलटी होती.

"मी नेते. माझ्याकडची संपत आलीय."

"ने," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

हवालदार ताडून बघायला येणार, हे उघड होतं. स्तोयनाने घरी येऊन आधी वेलीनची जुडी चुलीत घातली, मग चुलीमागची आपली सगळी बोरिना. अर्ध्या तासात राख झाली. ती तिने कांद्याच्या वाफ्यात पसरली.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी हवालदार दारात आला.

"आजी, जुलैत चूल?"

"सूप करत होते."

"भांडं दिसत नाही."

तो अंगणात गेला आणि त्याने वर बघितलं. तीही बाहेर आली. धुराड्यावर काळाकुट्ट धूर अजून रेंगाळत होता आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळीचे तेलकट तुकडे पडले होते. असा धूर बोरिनाचाच. साधं लाकूड टाकलं तर तो होत नाही. आयुष्यभर ती चिरणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं.

फाटकाशी रांगेल उभा होता. त्याच्या हातात निम्मी वापरलेली जुडी होती.

"घ्या साहेब, हिच्याच हातची. टोकं बघा."

हवालदाराने टोकं बघितली. मग रांगेलकडे बघितलं. "तुमची गाठ सुटलेली आहे. काडी यातलीही असू शकते."

"वापरतो म्हणून सुटलीय. हिने तर सगळीच जाळली. का, ते विचारा."

"आजी, वेलीनकडे जुडी होती?"

स्तोयना शेजारणीच्या चादरींवरची काजळी वेचू लागली.

गवत आपोआप पेटलं की पेटवलं, याचा अग्निशमन दलाचा अहवाल गुरुवारी संध्याकाळपर्यंत आलेला नाही. वेलीनने बुधवारी जबाब दिला. बोरिनाबद्दल त्यात एकच वाक्य आहे: जुडी आई घेऊन गेली. गाठ कुणी बांधली, हे स्तोयनाने त्याला अजून विचारलेलं नाही.