वाकड्या मानेचा मायक्रोफोन

मित्रांनो, संसद पाहायला आलात तेव्हा काचेच्या पेटीत वाकड्या मानेने उभा असलेला जो जुना मायक्रोफोन तुम्हाला दिसला, तो मी. माझ्या जाळीवर एक तपकिरी डाग आहे. तुमच्यापैकी एकीने तो गंज असल्याचे मैत्रिणीला सांगितले. तो गंज नव्हे, रक्त आहे. आणि एकाचे नव्हे, दोघांचे आहे. पहिले रक्त माझ्या घावाने सांडले. दुसरे माझ्यावर सांडले. हा भेद ध्यानात ठेवा, कारण माझे सारे आयुष्य त्या दोहोंच्या मध्ये आहे.

ज्या कारखान्यात मी घडलो, तेथे मला पोलादाची लवचीक मान आणि बारीक जाळीचे तोंड मिळाले. तपासनिसाने मला टिचकी मारली, "एक, दोन, एक, दोन" म्हटले आणि समाधानाने मान हलवली. माझ्या आयुष्यातील ती पहिली शाबासकी. पुढे मला संसदेच्या सभागृहात एका बाकावर घट्ट बसवण्यात आले.

संसद हे भांडणाचे घर आहे, असे मी म्हटले तर तुमचे शिक्षक कदाचित रागावतील. तरीही मी माझे म्हणणे सोडणार नाही. जे पूर्वी तलवारीने ठरत असे, ते तोंडाने ठरावे, एवढ्यासाठीच देशोदेशींच्या माणसांनी अशी घरे बांधली. लोकांनी निवडून दिलेले सभासद खाली भांडतात. लोक वर सज्जात बसून ऐकतात. त्यांनी टाळी वाजवायची नाही, शब्द काढायचा नाही. आमचा एक कडक नियम होता. माझा तांबडा दिवा पेटलेला असेपर्यंत जे बोलले जाईल ते कामकाजाच्या नोंदीत जाई. दिवा विझल्यावर कोणी कंठशोष केला, तरी ते शब्द उच्चारलेच गेले नाहीत असे धरत.

माझ्या बाकावर बसणाऱ्या सभासदांना सारे 'तोफखाना' म्हणत. आवाज असा की माझी त्यांना गरजच नव्हती. समोर बसत 'मास्तर'. त्यांनी शाळेत मुले शिकवली होती आणि नियमांचे पुस्तक त्यांना तोंडपाठ होते. एके दिवशी तोफखान्यांचे भाषण ऐन रंगात आले असता मास्तर पुन्हा उठले.

"अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा."

"मास्तर, बसा खाली! ही काय तुमची शाळा आहे?"

"शाळा असती तर बरं झालं असतं. तुम्हाला बाकावर तरी उभं केलं असतं."

सभागृह खो-खो हसले. माणसाला मार सोसतो, हसे सोसत नाही. तोफखान्यांची पाच बोटे माझ्या मानेभोवती आवळली, बाकाच्या पोटात माझ्या तारा तटातट तुटल्या आणि मी हवेतून मास्तरांच्या भुवईवर जाऊन आदळलो. कातडे फाटले. ते कोसळले, तसे दोन्हीकडचे सभासद बाकांवरून उड्या टाकत एकमेकांच्या अंगावर गेले. खुर्च्या फेकल्या गेल्या; कोणाचे दात पडले, कोणाचे बोट चिरडले. वर सज्जात एक मूल घाबरून रडू लागले, तेव्हा रखवालदार त्याच्या आईला म्हणाला, "बाई, मुलाला गप्प करा. इथं आवाज चालत नाही."

त्या घावाचा दोष मी आपल्या माथी घेणार नाही. हात माझा नव्हता. परंतु मान माझी होती, आणि ती वाकली ती वाकलीच. जाळीवरचा डाग न पुसताच मला अडगळीत टाकण्यात आले. तेथे धुळीने माझे तोंड बुजले. ज्याचा जन्म बोलणे पोहोचवण्यासाठी, त्याला याहून मोठी शिक्षा नसेल.

तेथून मला बाहेर काढून, तुटक्या तारा जोडून पुन्हा बोलते केले ते एका समितीने. संसदेच्या समित्या गावोगाव जातात. तेथे सामान्य माणूस सज्जात बसत नाही, तर मायक्रोफोनपुढे बसून बोलतो आणि त्याचे बोलणे नोंदीत जाते. ही समिती एका रंगाच्या कारखान्यातील आगीची चौकशी करत होती. फाटक उघडे होते, असे मालक शपथेवर सांगत होता. जे फाटकापाशी पोहोचले होते, त्यांतले जवळजवळ कोणीच सांगायला उरले नव्हते. खिडकीतून उडी टाकून वाचलेली एक बाई मात्र साक्षीला आली होती. तिचा नवरा आत जळून मेला होता. समितीचा तो शेवटचा दिवस होता. त्या दिवशी जे नोंदीत जाणार नाही, ते अहवालातही येणार नव्हते.

नगरभवनाच्या दालनात मला तिच्यापुढे ठेवले. टेबलामागे समितीचे अध्यक्ष, इतर सभासद आणि दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ केल्यासारखे, तोफखाना व मास्तर. बाईने तोंड उघडले मात्र, तोच पहिला दगड काच फोडून आत आला. मालकाचे गुंड खाली जमले होते. दगडांचा वर्षाव सुरू झाला. अध्यक्ष टेबलाखाली शिरले, तेथून रांगत मागच्या दाराने निसटले. त्यांच्यामागून बाकीचेही पळाले. बाईच्या कपाळावर दगड बसला. ती माझ्यावर वाकली आणि तिचे रक्त माझ्या जाळीत झिरपले.

"वहिनी, उठा! मारतील आपल्याला!" तिचा दीर ओरडला.

"भाऊजी, तुम्ही जा. तुमच्या भावाचं सांगायचं राहिलंय अजून."

तो गेला नाही. खिडकीकडे पाठ करून तिला आडोसा देत उभा राहिला.

तोफखाना भिंतीशी उभे होते. "मास्तर, संपली ना बैठक?"

"कशी संपेल? अध्यक्ष पळाले, पण तहकूब म्हणाले नाहीत." मास्तर रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. "उरलेल्यांत मी वडील. पण दोन सभासद नसले तर समिती होत नाही. तुम्ही निघालात, तर ही बाई आज बोललीच नाही असं होईल."

"तुमच्या शेजारी बसायची मला हौस नाही."

"मलाही नाही. बसा."

तोफखाना बसले, बाईच्या शेजारी. माझा दिवा तांबडा होता. "सांगा बाई," मास्तर म्हणाले.

"आम्ही फाटकाकडे धावलो, साहेब. फाटकाला बाहेरून..."

इतक्यात दार मोडले. लोखंडी गज घेऊन एक धिप्पाड माणूस तिच्या रोखाने धावला. तोफखान्यांचा हात माझ्या मानेवर पडला. तीच पाच बोटे, तीच पकड! मी ओळखली. आता हिसका बसेल, तारा तुटतील आणि बाईचे वाक्य जिथे आहे तिथेच मरेल, हे मला कळले. त्यांची नजर दिव्याकडे गेली. बोटे सैल झाली. ते रिकाम्या हातांनी पुढे झाले आणि गजाचा घाव त्यांनी आपल्या दंडावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज माझ्यातून नोंदीत गेला.

"नोंद चालू आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "आत आलेल्या गृहस्थांनी आपलं नाव सांगावं."

त्या माणसाने तांबड्या दिव्याकडे पाहिले, पालथा हात तोंडावर धरला, गज मास्तरांच्या दिशेने भिरकावला आणि पळ काढला. गज त्यांच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर खणखणला.

"...बाहेरून कुलूप होतं," बाई म्हणाली. "किल्ली मुकादमाच्या हातात होती. आम्ही हाका मारत होतो, तो बघत उभा होता. माझा नवरा सगळ्यात पुढे होता. झालं, साहेब."

"आभारी आहे, बाई. बैठक तहकूब." मास्तर म्हणाले, तेव्हाच माझा दिवा विझला.

फाटक उघडे होते, असे अहवालात कोणाला लिहिता आले नाही. मुकादम आणि मालक न्यायालयात उभे राहिले. तोफखान्यांचा दंड मात्र माझ्या मानेसारखाच वाकडा राहिला. दोघांची मैत्री झाली, असे सांगून मी तुम्हाला गोड शेवट देणार नाही. पुढच्याच अधिवेशनात ते गळ्याच्या शिरा ताणून भांडले. फक्त तोंडाने.

मित्रांनो, माझी पेटी पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. परंतु वर्गात किंवा घरात कोणी तुमच्याविरुद्ध बोलत असेल आणि रागाच्या भरात तुमची बोटे जवळच्या एखाद्या वस्तूभोवती आवळली, तर माझी वाकडी मान आठवा. बोटे सैल करा. समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्या. मग खुशाल भांडा.