रोलरमधल्या गोळ्या

गोळ्या सोडल्याचा दादाचा चौथा दिवस होता आणि ठिणगीचं डोकं सकाळपासून तापलेलं.

दादा रंगारी. शिडीवरून पडला, पाठदुखीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या काही सुटेनात. आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडतोय, तर घरात नुसता नवाबी थाट! नाक गळतंय, अंगावर काटा येतोय, पाय तर पडल्या पडल्या सायकल मारतात. आई शिलाई मशीन बंद ठेवून त्याच्या पोटावर गरम टॉवेल धरते, चमच्यानं पाणी पाजते. "बाळा, अजून एक घोट."

बाळा! सव्वीस वर्षांचा घोडा. ठिणगीला ताप आला तेव्हा आई मशीनवरून मान न वळवता म्हणाली होती, "झोप, उतरेल." शाळा सोडली तेव्हा तर तेवढंही नाही.

"त्याचे रोलर तरी धू," आईनं फर्मावलं.

ठिणगी मोरीत बसली. रोलरच्या पोकळ नळीत बोट घातलं तर काहीतरी करकरलं. दादाच्या त्याच गोळ्यांची पट्टी. चार शिल्लक.

त्याच्या उशीखाली ठेवावी, तिला वाटलं. खाईल मुकाट. मग बघू दे आईला बाळाचे गुण!

आई औषधाच्या दुकानात गेली तशी ती आत शिरली. दादा घामानं निथळत होता, पाय भिंतीवर आपटत होता.

"ठिणगे, पायांवर बस."

"आईला सांग की."

"आई चिपाड. उडून जाईल. तू सिमेंटची गोणी."

"गोणी तुझी बायको असेल!" ती धपकन बसली. खिशात पट्टी करकरली. दादाची नजर थेट तिकडे गेली. तो आवाज त्याला बरोबर कळायचा.

"उशीखाली ठेवणार होते," ती फणकारली. "आई तुला बाळा म्हणते."

कुडकुडत असूनही तो हसला. मग हसू आटलं. "दे." लगेच उशीत तोंड खुपसलं. "नको. मागितली तरी देऊ नकोस. ओरबाडलं तरी."

त्यानं मागितली. शिव्या घातल्या. ओरबाडलंसुद्धा. गोणी हलली नाही.

आई आल्यावर ठिणगीनं पट्टी तिच्या हातात दिली.

"खाल्ली नाही ना यानं?" आई त्याच्या कपाळाला हात लावायला वाकली. "किती सोसतोय माझा बाळ. ऊठ गं, मी बसते."

ठिणगीच्या दंडावर चार लाल रेघा उठल्या होत्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत.

"नाही उठणार," ती म्हणाली. "ही जागा माझी आहे."