बाळासोंच्या वाटणीचा शिरा

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, मोबाइल खिशात घाला. कसबा बावड्यातल्या एका लाल तोंडाची गोष्ट सांगतो.

बाळासो आमच्या सप्ताहाचे विणेकरी. वर्षभर त्यांना एक भोग लागला होता. बसल्याजागी तोंड न् मान लालबुंद व्हायची आणि पोट काही अभंग संपायची वाट बघायचं नाही. हाताची कातडीही सोलवटून निघाली होती. आता कट्ट्यावर डॉक्टर नसलेला माणूस शोधून सापडत नाही. निदान तिथंच झालं : बाळासो पितात.

"बाळासो, एकादशीला तरी सोडत जावा की," मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील चारचौघांत म्हणाले. धर्माची त्यांना फार काळजी; स्वतः संध्याकाळी घेत ते फक्त खोकल्याचं औषध, तेही बारमाही.

बाळासोंना मरणाची भीती नव्हती. गळ्यातली वीणा जाईल, या भीतीनं मात्र त्यांची झोप उडाली होती. शेवटी थोरली बहीण आक्का त्यांना ओढतच डॉक्टर निशिगंधाकडे घेऊन गेली.

"डाळ, दूध, शेंगदाणे, सगळ्यात ट्रिप्टोफॅन असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर त्यातून कातडी राखणारं एक जीवनसत्त्व करतं, आणि थोड्याचं सेरोटोनिन नावाचं रसायन. पण आतड्यात एक प्रकारची गाठ असली, तर ती सगळं ओरबाडून नुसतं सेरोटोनिनच करत बसते. मग तोंड लाल, पोट ढिलं आणि कातडी उपाशी."

"म्हंजे आमचं मंडळच की," आक्का म्हणाली. "वर्गणी साऱ्या गावाची, मांडव धैर्यशीलच्या दारात."

तपासणी सोपी होती. एक दिवस-रात्र सगळी लघवी कॅनमध्ये साठवायची. तीन दिवस आधीपासून केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. ती खाल्ली तर त्यांच्यातल्या सेरोटोनिननं लघवीतला आकडा खोटाच चढतो.

बाळासोंनी निष्ठेनं अक्रोड सोडले. ते त्यांनी जन्मात खाल्ले नव्हते. पण कॅन भरायच्या आदल्याच संध्याकाळी धैर्यशीलकडं सत्यनारायण निघाला. केळं घातलेला, तुपानं निथळणारा शिरा पुढं आला. प्यायलेला माणूस प्रसादाला हात लावत नाही, ही गावाची तपासणी, लॅबपेक्षा जुनी. सगळे बघत होते. बाळासोंनी खाल्ला, वर द्रोणही चाटला.

आकडा भलताच चढला.

"केळं खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"आणि त्यो शिरा?" आक्का म्हणाली.

"त्यो परसाद हाय की."

"देवाला चालतंय, मशीनला चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा करू."

पुन्हा पथ्य लागलं आणि नेमका सप्ताह आला. कीर्तन रंगलं, आरती झाली, आणि धैर्यशील स्वतःच्या हातानं शिऱ्याचा द्रोण घेऊन उभे राहिले. बाळासोंनी हात जोडले ते सोडलेच नाहीत.

"बघा पावणं," धैर्यशील मांडवाकडं वळून म्हणाले. "विणेकऱ्याला परसाद चालंना. आज जरा जास्तच झालीया."

मांडव हसला. बाळासोंची मान लाल झाली, आणि या वेळी गाठीचा दोष नव्हता. मग बायकांतून आक्का उठली. साखरेच्या गोळ्या खाणारी बाई. गोड तिला विषासमान. तिनं द्रोण ओढून घेतला आणि उभ्या-उभ्या रिकामा केला.

"परसाद त्याचा, तोंड माझं," ती म्हणाली. "एकाच आईचं दूध प्यालोय. आता बोला."

तरी धैर्यशीलनी बाळासोंच्या गळ्यातली वीणा काढून घेतलीच. धर्म मोठा असतो.

दुसरा आकडाही चढाच आला, पण आता खरा होता. गाठ बारीक असतानाच सापडली, काढली. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी धैर्यशील भेटायला आले. "मी पयल्यापासनं म्हणतोय, आजार हाय," म्हणाले, आणि उशाशी डझनभर केळी ठेवून गेले.

पुढच्या सप्ताहात वीणा परत आली, तीही धैर्यशीलच्याच हातून. बाळासोंनी आधी ती आक्काच्या पायाला लावली, मग गळ्यात घातली. त्या शिऱ्यानं तिची साखर किती चढली, ते तिनं कुणाला बघूच दिलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, प्रसाद हातावर पडेल तेव्हा देवाचं नाव तर घ्याच. पण पहिला घास गिळायच्या आधी आमच्या आक्काला आठवा.